तहानलेलं छत

आमच्या ह्यांना उन्हाळ्यात घाम येईनासा झाला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. मूर्खपणाच, दुसरं काय! पण तुम्ही अकोल्यात मे महिना काढला नसेल, तर तुम्हाला ते कळायचं नाही. पन्नास अंश म्हणजे आता आमच्याकडे बातमीसुद्धा होत नाही. बाजार सकाळीच उरकतो आणि दिवेलागणीला पुन्हा उघडतो, मधल्या वेळात रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. अशा गावात साठी उलटलेला नवरा सकाळी गच्चीवरून कोरडाठाक उतरतो आणि म्हणतो, "अवं, काय झोप लागली म्हणून सांगू! अंगाले घामाचा थेंब नाही." मग बायको साखर ठेवणार नाही तर काय करणार?

मी शुभांगी तायडे. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि तोंडावर ताबा नाही, हे आधीच सांगून ठेवते. हे म्हणजे देविदास तायडे, कुलरचं दुकान चालवायचे. आणि ईश्वरी आमची एकुलती एक मुलगी. ती शिकून सवरून पुण्याला गेली, तिथल्या प्रयोगशाळेत सहा वर्षं डोकं घातलं आणि जे काही शोधलं ते घेऊन सरळ आमच्या गच्चीवर आली. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आई, आधी पॅनल थंड होऊ दे." असं उत्तर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

लोकांना वाटतं, ऊन जितकं कडक तितकी सोलरची वीज जास्त. मलाही तसंच वाटायचं. ईश्वरीनं मला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. उजेड पडला की आतल्या सिलिकॉनमधून वीज निघते, पण तेच सिलिकॉन तापलं की विजेचा जोर उतरत जातो. पंचविसाच्या वर दर अंशाला थोडी थोडी गळती होते. हवा पन्नासवर गेली की पॅनल ऐंशीला टेकतं, आणि जवळजवळ पाचवा हिस्सा वीज तिथल्या तिथं जाते. म्हणजे ज्या दुपारी गावातला एकेक पंखा वीज मागतो, नेमकं त्याच दुपारी छत हात आखडतं.

"मग पाणी मार ना त्याच्यावर," मी म्हटलं.

"तापल्या काचेवर थंड पाणी मारलं तर काच तडकते, आई. बोअरचं पाणी असेल तर वर क्षारांचा थर बसतो. आणि पाणी आहे कुठं?"

तेही खरंच. आमच्याकडे नळ कधी येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं.

तिनं काढलेला उपाय म्हणजे एक चादर. खरवसाच्या वडीसारखी लिबलिबीत, बोटभर जाड. तिला 'दवपट' असं नाव दिलं होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसलाच एक क्षार त्या चादरीत मुरवलेला असतो. ही चादर पॅनलच्या खालच्या अंगाला चिकटवायची. रात्रभर ती हवेतली वाफ पीत राहते. दिवसा पॅनल तापलं की तेच पाणी हळूहळू उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. थोडक्यात काय, पॅनलला घाम फुटतो. ह्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. म्हणाले, "कुलर हवेले पाणी पाजते. हे पोट्टं हवेचंच पाणी पेते. उलटा कुलर आहे हा!" आणि मग स्वतःच चादरी चिकटवायला गच्चीवर चढले.

आमच्या गल्लीतल्या सगळ्या छतांवर दवपट बसले. प्रत्येक चादरीला एक बारीकसा वजनकाटा होता. रात्री तिनं किती पाणी प्यायलं, ते सकाळी ईश्वरीच्या फोनवर दिसायचं. वीज खरोखर वाढली. पहिल्यांदाच भर दुपारी गल्लीतले कुलर न थांबता चालले. शेजारच्या बोचरेकाकू पेढे घेऊन आल्या, तेव्हा पोरीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमच्याकडे पॅनल गच्चीला टेकून कोणी बसवत नाही. लोखंडी सांगाडा डोक्याच्या वर उंच करतात, कारण खाली खाटा टाकायच्या असतात. उन्हाळ्यात घरात झोपणारा माणूस आमच्याकडे आजारी तरी समजतात, नाहीतर नवा जावई. ह्यांनी तर सांगाड्याला तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी बांधली, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर यायला नको. खाट, उशाला रेडिओ, झालंच की! थेट दवपटाखाली संस्थान मांडलं.

आणि घाम बंद झाला. हे गल्लीभर सांगत फिरले. मग काय, बोचरेंची खाट सरकली, पलीकडच्या इंगळ्यांची सरकली. सगळे आपापल्या पॅनलखाली. ईश्वरीनं पाहिलं आणि हसली, म्हणाली, "मी केलं विजेसाठी, तुम्ही केलं झोपेसाठी."

ह्यांची एक खोड होती. गुडघे दुखतात, रात्री लघवीला खाली उतरायला नको, म्हणून अंधार पडल्यावर पाण्याला शिवायचे नाहीत. मी ओरडायचे तर म्हणायचे, "अर्ध्या राती दोन जिने उतराले तू येशीन का मले धराले?" मी म्हणायचे, येईन की. पण ऐकतील तर शपथ.

महिनाभरात माणूस उतरला. ओठ फुटले, गाल आत गेले, चिडचिड वाढली. मी उन्हाळ्याच्या नावानं बोटं मोडली. कुठं काय दुखतं म्हटलं की एकच पालुपद, "मले काय झालं? मी तर भल्ला गार झोपतो." एका सकाळी जिना उतरताना हे मधल्याच पायरीवर बसले. ईश्वरी धावली. तिच्याकडे बघून म्हणाले, "कोण, लता का?" लता म्हणजे ह्यांची बहीण, तिला जाऊन किती वर्षं झाली. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

डॉक्टर खंडारे आमच्या ओळखीचे. त्यांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावलं.

"काकू, हे उन्हात फिरतात का?"

"छे हो. दिवसभर घरात असतात."

"घाम फार येतो?"

"घामच येत नाही डॉक्टर. तेच तर कौतुक आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शरीरात पाणीच उरलेलं नाही. एका रात्रीचं काम नाही हे, रोज थोडं थोडं गेलेलं आहे. किडन्या दमल्यात. सावरतील असं वाटतं, पण सावरल्या नाहीत तर डायलिसिस लागेल. दोन-चार दिवस वाट बघू."

इतकी वर्षं गर्दीनं खच्चून भरलेल्या गाडीत मी पाय रोवून उभी राहिले, पण त्या कॉरिडॉरमध्ये मला भिंत धरावी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरी दवाखान्यात आली. डोळे सुजलेले, हातात फोन. ह्यांना तेव्हा बरीच शुद्ध होती, माणसं ओळखू येत होती. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय. मधे बोलू नका."

आमचं छत गल्लीत सगळ्यात जास्त पाणी प्यायचं. तिला त्याचा केवढा अभिमान होता! सरकारी अधिकाऱ्यांना पाठवलेल्या अहवालात पहिल्या पानावर आमच्याच छताचा फोटो आणि पाण्याचा आकडा होता. हे दवाखान्यात आले आणि त्याच रात्रीपासून आमच्या छताचं पाणी एकदम उतरलं. तिला वाटलं, काटा बिघडला. वर गेली, तर काटे ठीक होते. कमी झालं होतं ते फक्त चार चादरींचं, ह्यांच्या खाटेवरच्या.

"मी बाबांच्या खाटेवर पडून वर बघत होते," ती म्हणाली. "थोड्या वेळानं ओठ चिकटायला लागले. तेव्हा कळलं."

जाळीमुळे तिथं वारा फिरत नव्हता. दवपटानं सांगाड्याखालची हवा पार सुकवून टाकली होती. सुकलेली हवा मग ह्यांच्या अंगावरून पाणी ओढायची. घाम यायचा, भरपूर यायचा, पण कातडीवर दिसायच्या आत उडून जायचा. घाम उडाला की गार वाटतं, गार वाटलं की झोप लागते, आणि गाढ झोपेत तहान कळत नाही. त्यात हे संध्याकाळपासून पाणी न पिणारे!

"म्हणजे ती चादर तुझ्या बापाला पीत होती," मी म्हटलं.

"हो, आई."

"आणि तू त्याचा फोटो पहिल्या पानावर लावलास."

माझ्या तोंडाला मग लगाम राहिला नाही. पुण्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही का हे? सहा वर्षं काय माशा मारत होतीस? ती हळूच म्हणाली, "प्रयोगशाळेत छताखाली कोणी झोपत नाही गं." आणि मला रागाच्या भरातही तिची कीव आली. पोर अकोल्यात वाढलेली, लहानपणी त्याच गच्चीवर आमच्या दोघांच्या मधे झोपलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गल्लीतल्या सगळ्यांच्या खाटा तिनं सकाळीच घरोघरी जाऊन खाली उतरवायला लावल्या होत्या. बोचरेकाकांनाही म्हणे आठवड्यापासून चक्कर येत होती. कारण तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, नुसतं हात जोडले होते.

हे इतका वेळ छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, "कोणाकोणाले सांगतलं?"

"फक्त तुम्हाला."

"मंग झालं. मी गाढव, मी पाणी नाही पेलो. डॉक्टरबी तेच म्हणते. तुह्या कामाचं अन् याचं काही घेणंदेणं नाही. कोणाले सांगाची गरज नाही, समजली?"

"बाबा, तुमचा जीव गेला असता."

"गेला का? नाही ना! मंग?"

मी काय करावं? खरं सांगू का, त्या क्षणी मला ह्यांचंच पटलं. अर्धी चूक ह्यांची होतीच की! पोरीनं जवानी घातली त्या चादरीत. आणि नवरा तर समोर खाटेवर बोलत होता, जिवंत. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे बघा.

पण दुसऱ्याच दिवशी गिरीपुंजे मॅडम आल्या. दवपट सरकारी इमारतींवर लावायचा की नाही, हे ठरवणाऱ्या त्याच. तपासणीसाठी अकोल्यात आल्या होत्या, गल्लीत कळलं की ईश्वरीचे वडील दवाखान्यात आहेत, म्हणून डाळिंबं घेऊन भेटायला आल्या. चांगली बाई हो, पायात साध्या चपला, बोलणं गोड.

"काका, तुमच्या मुलीनं कमाल केली," त्या म्हणाल्या. "आदिवासी मुलींच्या वसतिगृहापासून सुरुवात करतोय आम्ही. आणि गल्लीतले लोक म्हणाले, पॅनलखाली झोपलं तर घामसुद्धा येत नाही? मी तर ठरवलंय, मुलींच्या खाटा तिथंच लावायच्या. बिचाऱ्या खोल्यांमध्ये उकडून निघतात."

सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते. मी ईश्वरीकडे बघितलं, ईश्वरी ह्यांच्याकडे.

हे घाईघाईनं म्हणाले, "पोरींले गच्चीवर नका झोपवू जी. माकडं येतात."

"माकडं?"

"भल्ली माकडं येतात. लाल तोंडाची. पोरींले खोलीतच झोपवा. पॅनल लावा बिनधास्त, पॅनल एक नंबर आहे. पण खाली झोपाले नको."

बिनतिकीट माणूस मला पाठमोरा ओळखू येतो, खोटं बोलणारा तर त्याहून लवकर. आणि हा माणूस तर मला खोटं बोलताना लग्नापासून माहीत आहे, कानाची पाळी चोळतो. तीच चोळत होते. पोरीचं काम वाचवायचं आणि कोणाच्या तरी पोरींनाही वाचवायचं, म्हणून सलाईन लावलेल्या हातानं कान चोळत माकडं उभी करत होते. मला रडूच फुटलं.

ईश्वरी उठली.

"मॅडम, बाबा खोटं बोलताहेत."

"ईशूबाई, बस खाली!" हे ओरडले.

"बाबा, तिथं पाटी लावली काय आणि माकडांची भीती घातली काय, मे महिन्यात लोक गच्चीवर झोपणारच. तुम्ही झोपलात ना?" मग ती मॅडमकडे वळली आणि तिनं सगळं सांगितलं. चादरी, जाळी, चार काटे, फोटो. पहिल्या पानावरचा आकडा खोटा आहे, त्यात माणसाचं पाणी आहे, असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही. माझा कापला असता.

गिरीपुंजे मॅडमनी डाळिंबांची पिशवी खाटेखाली सरकवली. मग म्हणाल्या, "मग सध्या थांबवावं लागेल, ईश्वरी. सगळंच."

"हो मॅडम."

"सांगितलंस ते बरं केलंस." ईश्वरीच्या पाठीवर हात ठेवून त्या निघून गेल्या.

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. "माह्या तोंडावर मले खोटं पाडलं," एवढंच म्हणाले. ज्या लेकीला कधी 'अगं' म्हणून हाक मारली नाही, 'ईशूबाई' म्हणायचे, तिच्याशी त्यांनी बोलणं टाकलं. किडन्या दिवसागणिक सावरत होत्या, रिपोर्ट चांगले येत होते, डॉक्टरांनी डायलिसिसचं नाव काढणं बंद केलं. पण बापलेकीत अक्षराचं बोलणं नाही. पोर डबा आणायची, हे खायचे, डबा रिकामा जायचा. मी दोघांवर डाफरून पाहिलं, हात जोडून पाहिले. शेवटी हात टेकले.

घरी आल्यावर आठवडा असाच गेला. खाट आता खाली, कुलरपुढे. हे घामानं चिंब व्हायचे, झोप लागत नाही म्हणून कुरकुरायचे आणि मी तो घाम टॉवेलनं पुसताना मनातून सुखावायचे. चिंब नवरा इतका गोड वाटेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका संध्याकाळी ऊन कलल्यावर वरून खरवडल्याचा आवाज यायला लागला. ईश्वरी चादरी काढत होती. सगळ्याच. हे थोडा वेळ ऐकत बसले, मग काठी घेऊन जिन्याकडे निघाले.

"कुठं निघालात? गुडघे आहेत का जागेवर?"

"येतो."

मी मागोमाग गेले. दर पायरीला ह्यांचं 'अग आई गं' आणि माझी बडबड. वर पोर शिडीवर चढली होती, हातात पातं, केस तोंडावर. दोन चादरी सुटून खाली लोंबत होत्या. ह्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. ती खाली बघेना, हे वर बघेनात.

"काहून काढून राह्यली?"

"ठेवून काय करू, बाबा?"

"फोन उघड."

"कशाला?"

"उघड म्हणतो ना! छताखाली आता कोणीच नाही झोपत. आठवडा झाला. मंग आता किती पेते ते?"

तिनं आठवडाभर फोनमधलं ते पान उघडलंच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. शिडीवर उभ्या उभ्या तिनं फोन काढला. बोटानं आकडे सरकवून पाहिले.

"खूप कमी आहे. आधीच्या निम्मंच."

"तेवढ्यानं पॅनल किती उतरते?"

"सात-आठ अंश उतरतं." मग जरा थांबून म्हणाली, "सात-आठ अंश तरी उतरतंच आहे, बाबा. आज दुपारी पण उतरलं."

"याच्यात माणसाचं नाही ना कोणाचं?"

"नाही. हे सगळं हवेचं आहे."

"मंग हे तुह्यं. हे दाखव त्या मॅडमले." ह्यांनी शिडीवरचा हात न काढता मान वर केली. "अन् ते जे म्हणत होती तू, लोक झोपणारच म्हणून, ते खरं आहे. मीबी झोपीन. मले खाली झोप नाही येत. तू त्या चादरीले माणूस ओळखाले शिकव. खाली कोणी असलं की तोंड मिटून बसाचं. वजन करता येते तिले, तर माणूस नाही ओळखता येत?"

"वेळ लागेल, बाबा."

"मंग लागू दे ना, ईशूबाई. मी कुठी चाललो?"

पोर शिडीच्या पायरीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. दवाखान्यात नाही रडली, मॅडमसमोर नाही रडली, ते सगळं तिथं निघालं. ह्यांना शिडी सोडता येईना आणि डोळे पुसता येईनात, म्हणून ह्यांचेही तसेच वाहत राहिले. मी पदरानं आधी ह्यांचं तोंड पुसलं, मग हात वर करून तिचं पुसलं, आणि म्हटलं, उतर आता खाली, तुझा बाप किती वेळ शिडी धरून उभा राहील?